डिस्चार्ज बुकात एक नाव, आधारवर दुसरं: माजी सैनिकाची जुनी नोंद गोव्यातून कशी दुरुस्त करावी

माझे बाबा १९८६ साली नायक म्हणून निवृत्त होऊन पेडण्याला घरी आले. सोबत आलेली काळी लोखंडी ट्रंक अजून माळ्यावर आहे, वर पांढऱ्या रंगात नंबर लिहिलेली. तिच्यातल्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सेवेच्या नोंदवहीत, आईचं जे नाव आहे, त्या नावाने आईला घरात कुणी हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. त्यावाचून काही अडलंही नाही. पेन्शन बाबांच्या नावाने दर महिन्याला येत होती आणि ट्रंक उघडायची वेळ फक्त दसऱ्याच्या साफसफाईत यायची.

अडलं ते पेन्शन ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन प्रणालीवर गेली तेव्हा. नोंदी पडताळून बघतो तर पत्नीचं नाव आधारशी जुळत नाही आणि तिच्या जन्मतारखेचा रकाना रिकामा. हे निस्तरायला आम्हाला अकरा महिने लागले. त्यातले निदान पाच आमच्याच चुकांपायी गेले, ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो.

आधी एक कबुली. “मिलिटरीवाल्यांनी नाव चुकवलं” असं मी वर्षभर गावभर सांगत होतो. प्रत्यक्षात बाबांनी लग्नानंतर युनिटमध्ये जो कागद दिला, त्यावरचंच नाव तिथे चढलं होतं. दोन नावं आमच्या घरात होती.

१. सगळे कागद जमिनीवर पसरा

अर्ज लिहायला घाई करू नका. एक पूर्ण दुपार काढा आणि हे कागद शेजारी-शेजारी मांडा:

- डिस्चार्ज बुक
- पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश, आणि त्यानंतर आलेले सगळे सुधारित पीपीओ
- माजी सैनिक ओळखपत्र आणि ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड
- पती-पत्नी दोघांचं आधार, पॅन, मतदार ओळखपत्र
- पेन्शन खात्याचं पासबुक
- दोघांचे जन्मदाखले, विवाह नोंदणीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला असल्यास तो
- ‘स्पर्श’वर लॉगिन करून तिथल्या माहितीची छापील प्रत

मग वहीत उभे-आडवे रकाने आखा. प्रत्येक कागदावर नाव, जन्मतारीख, लग्नाची तारीख काय आहे ते इंग्रजी अक्षरांसकट जसंच्या तसं उतरवा. सैन्याच्या नोंदी इंग्रजीत असतात. मराठीत आपल्याला एकच वाटणारं नाव तिथे एका ‘एच’ने किंवा ‘डब्ल्यू’च्या जागी ‘व्ही’ आल्याने वेगळं ठरतं. आमच्या वहीत आईचं नाव पाच प्रकारे निघालं. बाबा म्हणाले, एवढ्या बायका मी केल्या कधी?

हे झालं की चूक कुठल्या पातळीवर आहे ते कळतं, आणि पुढचं सगळं त्यावर ठरतं. मूळ नोंद रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे पलटणीच्या नोंदी सांभाळणाऱ्या कार्यालयाकडे असते: शीट रोल (सैनिकाच्या सेवेचा मुख्य कागद), त्यातली कुटुंबाची माहिती, आणि लग्न, मुलांचे जन्म वगैरे चढवणाऱ्या पार्ट टू ऑर्डर. रेकॉर्ड ऑफिसने पाठवलेल्या माहितीवरून पीपीओ निघतो. भूदलाचा पीपीओ प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण लेखा कार्यालयातून, नौदलाचा मुंबईतून, हवाई दलाचा दिल्लीतून. बँक आणि ‘स्पर्श’ त्याच्याही खाली येतात. तेव्हा मूळ नोंद बरोबर आणि पीपीओ चुकला असेल तर काम सोपं. मूळ नोंदच वेगळी असेल तर पीपीओ बदलून मागण्यात अर्थ नाही, आधी उगमाशी जायला हवं. आणि फक्त आधारच चुकलं असेल तर सैन्याला त्रास न देता आधार दुरुस्त करून मोकळे व्हा.

मात्र आधारकडे धावताना जपून. आयुष्यात नाव दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते. आमच्या वाड्यावरच्या एका काकांनी काहीही न ठरवता आधारवर नाव दोनदा बदलून घेतलं. दोन्ही वेळा चुकीचं.

२. गोव्यातल्या घरांत नावं का फुटतात ते समजून घ्या

हा भाग मी लांबवणार आहे. बाहेरच्या राज्यातल्या कारकुनाला आपली भानगड कळत नाही आणि ती आपल्यालाच अर्जात समजावून सांगावी लागते.

पहिलं कारण पोर्तुगीज. १९६१ च्या आधी जन्मलेल्यांची नोंद पोर्तुगीज वहीत, पोर्तुगीज स्पेलिंगने आहे. नाईकच्या शेवटी ‘के’ऐवजी ‘क्यू-यू-ई’, गावकरात ‘के’च्या जागी ‘सी’, शेटच्या सुरुवातीला ‘एक्स’, देसाईत दोन ‘एस’. मुलगा पुढे मराठी शाळेत गेला, सैन्यात भरती झाला, तेव्हा तिथल्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं. दोन्ही बरोबरच. अशा जन्मनोंदीचा संपूर्ण उतारा, ज्याला आपण ‘तेओर’ म्हणतो, तो सिव्हिल रजिस्ट्रारकडून काढावा. खूप जुन्या वह्या पणजीच्या पुराभिलेख खात्यात असतात. उतारा पोर्तुगीजमध्ये असला तर इंग्रजी भाषांतर करून, प्रमाणित करून सोबत जोडा. नुसता पोर्तुगीज कागद पाठवलात तर तो वाचणार कोण?

दुसरं कारण लग्नात बदललेलं नाव. माहेरची शेवंती तांदळाच्या ताटात नाव लिहून सासरची सुमती होते आणि पुढची पन्नास वर्षं रेशनकार्डापासून आधारपर्यंत सुमतीच राहते. विवाह नोंदणीत मात्र माहेरचं नाव आहे. आणि युनिटने लग्नाची नोंद करायला मागितला तो विवाह नोंदणीचा दाखला! आमच्याकडे नेमकं हेच झालं होतं.

तिसरं कारण लग्नाच्या दोन तारखा. गोव्यात विवाहाची दिवाणी नोंदणी पोर्तुगीज काळापासून सक्तीची, आणि तीही दोन टप्प्यांत. आधी इरादा जाहीर करणारी सही, मग मुदतीनंतर साक्षीदारांसह दुसरी. मुहूर्ताचं लग्न या दोन्हींपेक्षा वेगळ्या दिवशी. रजेवर आलेला जवान घाईत लग्न लावून परत जायचा आणि सही पुढच्या सुट्टीत व्हायची. मग डिस्चार्ज बुकात पत्रिकेतली तारीख आणि दाखल्यावर सहीची. अर्जात धरायची ती दाखल्यावरची. मुहूर्ताची तारीख एका वाक्यात खुलाशापुरती सांगा.

एक गोष्ट मात्र चूक समजून बदलायला जाऊ नका. जुन्या कागदांवर ‘जिल्हा गोवा’ किंवा ‘गोवा, दमण आणि दीव’ असं असतं. त्या काळात ते बरोबरच होतं. घटकराज्य ३० मे १९८७ ला झालं.

३. कोणत्या दाराशी जायचं

रेकॉर्ड ऑफिस पलटणीप्रमाणे वेगळं. आपल्या भागातली बरीच मंडळी ज्यांत होती त्यांपैकी काही: मराठा लाइट इन्फंट्री – बेळगाव, बॉम्बे सॅपर्स – खडकी, पुणे, तोफखाना – नाशिक रोड, सिग्नल्स – जबलपूर, ईएमई – सिकंदराबाद, महार – सागर, आर्मी मेडिकल कोअर – लखनौ. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दला, ब्युरो ऑफ सेलर्समध्ये. हवाई दलातल्या जवानांच्या दिल्लीत, सुब्रतो पार्कला. हे सगळं अधिकारी सोडून इतरांसाठी. अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीतल्या मुख्यालयांत असतात.

बेळगाव चोर्ला घाटातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्यासारखं आहे म्हणून उठून गाडीत बसू नका. पहिली पायरी पणजीचं सैनिक कल्याण खातं. तिथे अर्जाचे नमुने मिळतात, कागद तपासून दिले जातात आणि त्यांच्या शिफारशीसह गेलेल्या अर्जाला वजन येतं. बाबांना सोबत न्या. माझ्या प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांपेक्षा बाबांनी नुसता आपला नंबर आणि पलटण सांगितल्यावर मिळालेली उत्तरं जास्त कामाची होती.

आम्ही इथेच पहिली चूक केली. आधी बँकेत गेलो. तिथल्या माणसाने अर्ज ठेवून घेतला, पोच दिली, आणि दोन महिने काहीच झालं नाही, कारण बँकेला मूळ नोंद बदलण्याचा अधिकारच नसतो. हे त्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पण मीही विचारलं नव्हतं.

४. प्रतिज्ञापत्र: इथे सगळ्यात जास्त लोक घसरतात

नोटरीकडे गेलात की तो तयार मजकूर काढून देतो: “मी माझं नाव अमुकवरून तमुक असं बदललं आहे.” सही करू नका! नाव बदलणं वेगळं आणि एकाच व्यक्तीची दोन नावं कागदोपत्री असणं वेगळं. गोव्यात नाव-आडनाव बदलायला १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, त्याची स्वतःची जाहिरात, राजपत्र, हरकतींची मुदत. “बदललं” असं लिहून दिलंत की समोरचा साहजिकच त्या कायद्याखालचं राजपत्र मागणार. आमची दुसरी चूक ती. दीड महिना त्यात गेला.

तुमच्या बाबतीत नाव खरोखर बदललंच नसेल, तर मजकूर असा हवा: अमुक कागदावर अमुक नाव, तमुक कागदावर तमुक नाव, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची, आणि फरक का पडला त्याचं कारण. प्रत्येक कागदाचा क्रमांक आणि तारीख लिहा. वहीतला तो तक्ता इथे कामाला येतो. एक प्रतिज्ञापत्र पत्नीचं आणि एक स्वतः माजी सैनिकाचं असलेलं बरं.

नोटरीचं चालेल की न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचं हवं, वर्तमानपत्रात जाहिरात हवी की नको, जोडफोटो साक्षांकित हवा का, हे त्या-त्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र सांगेल. ते पत्र यायच्या आधी हौसेने जाहिराती देऊन पैसे घालवू नका. जाहिरात द्यावी लागलीच, तर पूर्ण पान जपून ठेवा. नुसतं कात्रण कापलंत की वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख दोन्ही जातात.

५. अर्ज

एका पानाचा, इंग्रजीत किंवा हिंदीत, माजी सैनिकाच्या स्वतःच्या सहीचा. मुलाच्या सहीचा अर्ज परत येतो. सुरुवातीलाच सैनिकी नंबर, हुद्दा, नाव, पलटण, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, पीपीओ क्रमांक. मग दोनच ओळी महत्त्वाच्या: “सध्याची नोंद अशी आहे” आणि “ती अशी असावी”. हव्या त्या नावाचं स्पेलिंग मोठ्या अक्षरांत, आधारवर आहे तसं. बाकी कहाणी जोडपत्रात. त्यातच, घरात दिव्यांग, विधवा किंवा घटस्फोटित मुलगी असेल आणि तिचं नाव नोंदीत नसेल, तर तिचाही जन्मदाखला लावून नोंद मागून घ्या. आईवडिलांच्या मागे अटी पूर्ण करणाऱ्या अशा मुलींना कुटुंबनिवृत्तिवेतन मिळू शकतं, पण कागदावर मुलगीच नसली तर वादाला तिथूनच सुरुवात होते.

मूळ कागद कधीही पाठवू नका. स्पीड पोस्टने पाठवा, पावती चिकटवून ठेवा. ‘स्पर्श’वरूनही दुरुस्तीची विनंती टाकता येते आणि टाकावीच, म्हणजे क्रमांक मिळतो. मूळ नोंदीचा प्रश्न असेल तर ती शेवटी रेकॉर्ड ऑफिसकडेच जाते.

तिसरी चूक सांगायला लाज वाटते. दुरुस्तीच्या अर्जातच मी आईच्या नावातलं एक अक्षर चुकवलं.

६. पत्नीची जन्मतारीख सोडू नका, सैनिकाची उकरू नका

पत्नीच्या जन्मतारखेचा रकाना रिकामा असला तर आज काही बिघडत नाही. पण कुटुंबनिवृत्तिवेतन घेणारी व्यक्ती ८० वर्षांची झाली की मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला पूर्ण दुप्पट. तारीखच नसेल तर ८० कधी झाली ते मोजणार कशावरून? नाव दुरुस्तीसोबतच हे मागून घ्या.

सैनिकाची जन्मतारीख मात्र वेगळं प्रकरण. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांना गुरुजींनी १ जूनच लावली. भरतीच्या वेळी शाळेच्या दाखल्यावर तीच, आणि आता जन्मदाखला काढला तर आश्विनातली कुठलीतरी तारीख. खरी कोणती ते घरच्यांना माहीत असतं. पण सेवेत नोंदलेली जन्मतारीख नोकरीच्या अखेरीस किंवा नंतर बदलायला न्यायालयं तयार होत नाहीत. कारकुनी चूक असेल, म्हणजे भरतीच्या कागदांवर एक आणि पीपीओवर दुसरीच तारीख छापली असेल, तर जरूर मागा. नाहीतर त्यात वर्षं घालवू नका, आधारच सेवेच्या तारखेशी जुळवता येतं का ते बघा.

हुद्दा, गट (सैन्यातल्या कामाप्रमाणे ठरलेला वेतनगट) किंवा पात्र सेवेची (पेन्शनसाठी धरलेली) वर्षं चुकली असतील तर मात्र चिकाटीने लढा. ‘वन रँक वन पेन्शन’चे, म्हणजे समान हुद्दा आणि सेवेला समान पेन्शन देणारे तक्ते याच तीन गोष्टींवर वाचले जातात, तिथली चूक दर महिन्याला पैशांत भोगावी लागते.

७. उत्तरच आलं नाही तर

दोन-तीन महिने थांबा, मग स्मरणपत्र. तरी शांतता असली तर माहिती अधिकारात अर्ज करा: दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर बंधनकारक, न आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील. “काम करा” असं तिथे मागता येत नाही. “माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, आणि माझ्या शीट रोलमधल्या कुटुंबविषयक नोंदींची प्रत द्या” असं मागा. हाही अर्ज माजी सैनिकाच्या नावाने, ते नसतील तर पत्नीच्या. मी माझ्या नावाने केला असता तर त्रयस्थाची माहिती म्हणून परत आला असता. एका निवृत्त सुभेदारकाकांनी वेळीच थांबवलं. सोबत केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार टाकायलाही पैसे पडत नाहीत.

पेन्शनीविना लवकर घरी आलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. त्यांची सेवापत्रं २५ वर्षांनी नष्ट केली जातात. “कागद उपलब्ध नाहीत” असं उत्तर आलं तर लाँग रोलचा उतारा मागा. त्या वहीत नंबर, भरती, निवृत्ती अशा थोडक्या नोंदी राहिलेल्या असतात.

नकाराचं पत्र हाती आलं आणि तुमची बाजू पक्की असली, तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. गोवा मुंबई खंडपीठाखाली येतो. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत जावं, उशीर झाला असेल तर कारण देऊन माफी मागता येते. पेन्शनच्या चुकीत उशीर सहसा आड येत नाही, कारण ती दर महिन्याला नव्याने होत असते. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेमसिंग निकालापासून थकबाकी बहुधा दावा दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. नुसत्या स्पेलिंगसाठी मात्र वकील लावायची वेळ येऊ देऊ नका.

८. सैनिक हयात नसतील तर

हाच क्रम, पण पत्नीने अर्ज करायचा आणि मृत्यूचा दाखला जोडायचा. फरक एवढाच की तोवर तिचं वेतन अडकलेलं असतं आणि सही करून “ही माझीच पत्नी” असं सांगणारा माणूस नसतो. अशा वेळी कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज आणि नावाचं प्रतिज्ञापत्र एकाच दिवशी द्या, एकासाठी दुसरं थांबवू नका.

९. दुरुस्तीचं पत्र आल्यावर

उघडल्या उघडल्या अक्षर न् अक्षर वाचा, दुसऱ्या कुणाकडूनही वाचून घ्या. चूक राहिली असेल तर त्याच आठवड्यात कळवा. सुधारित पीपीओ निघाला की ‘स्पर्श’वर दिसतो का ते बघा, मग माजी सैनिक ओळखपत्र, ईसीएचएस कार्ड, बँक अशा क्रमाने पुढे न्या. हे आपोआप होत नाही. आमचं ईसीएचएस कार्ड अजून जुन्याच नावावर आहे, त्यासाठी पुढच्या सोमवारी पुन्हा पणजी.

जुनी पत्रं फाडू नका. आमच्या ट्रंकेत आता वरच एक निळी फाइल आहे. तिच्यात काय आहे ते बाबांपेक्षा आईला जास्त पाठ आहे.